चौथीच्या गणितातली वाटणी

पन्नाशीला टेकल्यावर शांतलिंग बिराजदार गुरुजींना एकाएकी शिक्षक व्हावंसं वाटू लागलं. तशी त्यात अडचण काही नव्हती. नोकरी शिक्षकाचीच होती आणि ती लागूनही जमाना झाला होता. पण नोकरी करणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे त्यांना उमरग्यातल्या एका प्रशिक्षणात कळलं. प्रशिक्षणात माणसाला जे कळतं ते सहसा जेवणाच्या सुट्टीपलीकडं टिकत नाही. गुरुजींचं मात्र घरापर्यंत टिकलं, आणि पुढचं सगळं महाभारत त्यामुळंच घडलं.

प्रशिक्षण देणारा पोरगा त्यांच्या थोरल्या मुलाच्या वयाचा होता. तो म्हणाला, वर्गात वीस मुलं असतील तर वीस वर्ग आहेत असं समजा. एकच गणित सगळ्यांना घालणं म्हणजे एकाच मापाची चप्पल अख्ख्या गावाला घालायला लावणं आहे. मग त्यानं सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. मुलाची माहिती सांगायची, की ते ॲप त्या मुलापुरतं गणित तयार करायचं आणि एका गोड बाईच्या आवाजात वाचूनही दाखवायचं. बाकीचे शिक्षक त्या बाईला उखाणा घ्यायला सांगत होते. शांतलिंग गुरुजींच्या डोळ्यांपुढं मात्र आरोही उभी राहिली.

करजाळवाडीच्या त्यांच्या शाळेत आरोही चौथीत होती. मैदानावर खेळायला लागली की तिचा आवाज ओढ्यापर्यंत जायचा. पण गणिताच्या तासाला नाव घेतलं की ती उभी राहायची, पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा ओढायची आणि गुरुजी ‘बस’ म्हणेपर्यंत ओढत राहायची. गुरुजी ‘बस’ म्हणायचे. दोघंही सुटल्यासारखे व्हायचे. त्यातून ती शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष अमरसिंह यांची मुलगी. अध्यक्षांच्या मुलीला जास्त छेडू नये हे शहाणपण गुरुजींना कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय आलेलं होतं.

त्या दिवशी घरी येताना मोटरसायकलवरच त्यांनी ठरवलं, की ही पोरगी बोलली पाहिजे.

हा निश्चय त्यांनी पहिल्यांदा शेजारच्या सिद्धाराम मामांना सांगितला आणि तिथंच पहिली चूक झाली. मामा तहसीलमधून निवृत्त झालेले. कुठलंही काम ‘नाही’ न म्हणता कसं टाळावं, या विषयातला त्यांचा अधिकार तालुक्यात मान्य होता. ते म्हणाले, नवीन काही करायचं तर आधी लेखी परवानगी मागायची. परवानगी येईपर्यंत माणूस सेवानिवृत्त होतो आणि मग काही करावंच लागत नाही. गुरुजींनी सल्ल्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आणि केंद्रप्रमुखांना फोन लावला.

केंद्रप्रमुख खूश झाले. पण उपक्रमाला नाव हवं म्हणाले. नावाशिवाय उपक्रम म्हणजे बारशाआधीचं पोर, कुठल्या रकान्यात लिहिणार? गुरुजींनी सुचवलेली सगळी चांगली नावं आसपासच्या शाळांनी आधीच घेऊन ठेवलेली होती. शेवटी ‘माझ्या घरचं गणित’ हे नाव ठरलं. मग केंद्रप्रमुखांनी शनिवारपर्यंत उपक्रमाची यशोगाथा पाठवायला सांगितली, फोटोसहित. अजून सुरुवातच नाही, असं गुरुजी चाचरत म्हणाले. त्यावर केंद्रप्रमुखांनी त्यांना समजावलं, की सुरुवात सवडीनं करता येईल. वरून यश मागितलंय, ते आधी पाठवा. गुरुजींनी पाठवलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, की मुलं आनंदानं बोलू लागली. हे वाक्य लिहिताना त्यांना थोडं चोरट्यासारखं झालं आणि ते खरं करण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे असंही वाटलं.

मुलांच्या घरची माहिती काढायला गुरुजी वही घेऊन घरोघर फिरले. आता आपल्याकडं सरकारी नोकरीतला माणूस वही घेऊन दारात आला, की दोनच शक्यता असतात. एक तर काहीतरी काढून नेणार, नाहीतर काहीतरी देणार. ज्यांना पहिली शंका आली त्यांनी आपली जनावरं निम्म्यावर आणली आणि ज्यांना दुसरी आशा लागली त्यांनी दुप्पट सांगितली. मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या धुळाप्पांनी तर समोर खंडीभर शेळ्या ओरडत असताना आपल्याकडं मोजून दहा आहेत असं सांगितलं. बाकीच्या पाव्हण्यांच्या म्हणाले. गुरुजींनी सगळं मुकाट लिहून घेतलं. अमरसिंहांच्या घरी मात्र चहा झाला, पाटावर बसवलं आणि सगळं खरं सांगितलं. दोघे भाऊ, थोरले अमरसिंह आणि धाकटा रणधीर. एकत्र कुटुंब, बारा एकर जमीन, एक विहीर. गुरुजींनी हे जसंच्या तसं फोनला सांगितलं.

संध्याकाळी आईबापांच्या फोनवर मुलांची गणितं गेली. प्रत्येकाला वेगळं. उत्तर वर्गात सांगायचं किंवा फोनवर बोलून गुरुजींना पाठवायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात असा कालवा झाला, की शेजारच्या वर्गातून श्रीदेवी मॅडम बघायला आल्या. धुळाप्पांचा शिवराज शेळ्यांचं गणित तोंडानं सांगत होता आणि गणितात दहाच शेळ्या का, म्हणून रागावलाही होता. मग आरोही उठून उभी राहिली. कुणी नाव घेतलं नव्हतं.

“गुरुजी, एकरी वीस पोती हरभरा आमच्यात होत न्हाय,” ती म्हणाली. “कुणाच्यातच होत न्हाय. धा करा.”

गुरुजींनी दहा केले. तिनं बारा एकरांचे एकशेवीस सांगितले, आणि मग त्यातही दोन एकर ज्वारीला ठेवावे लागतात म्हणून पुन्हा शंभर केले. पाणी प्यायचं निमित्त करून गुरुजी व्हरांड्यात गेले आणि माठाशेजारी बराच वेळ उभे राहिले. इतकी वर्षं आपण पगार कशाचा घेत होतो, हा प्रश्न त्यांना पडला आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, मंजुषाबाईंना, सगळं दोनदा सांगितलं. मंजुषाबाईंनी कौतुक केलं. पण संध्याकाळी फोनमध्ये लाडीगोडीनं बोलणारी ती बाई कोण, हेही विचारलं. ती बाई नाही, यंत्र आहे, असं गुरुजींनी सांगितलं. यंत्राला ‘वा, छान’ म्हणायची काय गरज असते, असं मंजुषाबाई म्हणाल्या. या प्रश्नाला प्रशिक्षणात उत्तर दिलेलं नव्हतं.

आठवडाभर सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं, आणि मग लागलीच. बेरीज आणि गुणाकार आहेत तोवर कुणाचं काही बिघडत नाही. गोत्यात आणते ती वजाबाकी.

शिवराजच्या गणितात त्या बाईनं धुळाप्पांच्या सात शेळ्या विकल्या. शिवराजनं ते गणित मारुतीच्या पारावर, फोनचा आवाज मोठा करून ऐकलं. पारावरच्यांपैकी कुणाचा तरी मेहुणा व्यापारी होता. सकाळी उमरग्याहून टेम्पो धुळाप्पांच्या दारात येऊन उभा राहिला. शेळ्या विकायच्या नाहीत, असं धुळाप्पा सांगत होते आणि व्यापारी डोळा मारून म्हणत होता, की भाव वाढवायचा असेल तर तसं सांगा, पण शाळेतून कळलेलं खोटं कसं असेल? टेम्पोचं भाडं कोण देणार यावरून तिथं जी भाषा झाली, ती बालभारतीत बसणारी नव्हती. धुळाप्पा तडक शाळेत आले. माझ्या शेळ्या शाळेनं परस्पर विकल्याच कशा, असं त्यांनी विचारलं. गुरुजींनी त्यांना चहा पाजला, माफी मागितली आणि संध्याकाळी ॲपला सांगून सातच्या सात शेळ्या परत आणल्या. तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण यश अंगात आलेल्या माणसाला सावध करणं कठीण असतं.

शुक्रवारी भागाकार सुरू झाला.

अमरसिंहांच्या घरी सगळे जेवायला बसले होते. आरोहीनं आईचा फोन मध्ये ठेवला आणि गणित लावलं. गोड आवाजात बाई म्हणाली, की आरोहीचे बाबा आणि काका यांचं मिळून बारा एकर शेत आहे. काकांनी वाटणी मागितली. तर प्रत्येकाच्या वाट्याला किती एकर येईल? विचार करा आणि सांगा.

घरातल्या सगळ्यांनी विचार केला. अमरसिंहांनी रणधीरकडं पाहिलं. रणधीरनं बायकोकडं पाहिलं. तिनं जावेकडं पाहिलं. ताटातली भाकरी ताटातच राहिली. अमरसिंह हात धुऊन आले आणि म्हणाले, की भाऊ समोर बसलेला असताना शाळेमार्फत निरोप पाठवायची काय गरज होती? रणधीर म्हणाला, मी कसला निरोप पाठवतोय. गुरुजी चहाला आले तेव्हा त्यांच्याशी बोलत तुम्ही बसला होता. म्हणजे वाटणी तुमच्याच मनात आहे आणि नाव माझ्यावर टाकताय. असं एकेक निघत गेलं. मोटर कुणी किती वेळ चालवली, बैल विकले तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं, असली जुनी मढी उकरली गेली. दोन्ही जावांचं त्या दिवशीपर्यंत बरं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरात दोन वेगवेगळ्या चुलींचा धूर निघाला, आणि तिसऱ्या दिवशी परंड्याहून रणधीरचे सासरे एसटीनं येऊन दाखल झाले. वाटणीच्या वेळी लेकीच्या पाठीशी कुणीतरी असावं म्हणून ते आले होते आणि सोबत ओळखीतला जमीन मोजणारा मिळतो का, याचीही चौकशी करत होते.

गुरुजी धावत गेले. हे सगळं यंत्रानं आपल्या मनानं रचलंय, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. कुणालाच पटलं नाही. अमरसिंहांचा मुद्दा बिनतोड होता. गावात इतकी भावकी पडलीय, यंत्रानं नेमकं आमचंच घर कसं धरलं? कुणीतरी सांगितल्याशिवाय यंत्राला काय स्वप्न पडलं? गुरुजींनी जमीन आणि विहीर आपणच सांगितल्याचं कबूल केलं, तसं सासरे मान हलवून म्हणाले, बघा, आलं ना बाहेर.

सिद्धाराम मामांनी सांत्वन म्हणून बदलीच्या अर्जाचा नमुना आणून दिला. तो त्यांच्याकडं तयारच असायचा.

गावानं नावं ठेवली त्याचं गुरुजींना फारसं काही वाटलं नाही. मास्तराची कातडी या बाबतीत तयार झालेली असते. पण सोमवारी वर्गात त्यांनी सहज आरोहीकडं पाहिलं. ती उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा ओढू लागली. आपल्या गणितानं घर मोडलं, असं त्या पोरीच्या मनानं घेतलं होतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मंजुषाबाईंनी समजूत काढली, की होतील भाऊ परत एक. गुरुजी म्हणाले, “ते होतील गं. पण एक मूल बोलायला लागलं होतं, त्याला मी परत मुकं केलं. ते कसं भरून काढू?” मंजुषाबाईंनी पुन्हा ताट वाढून आणलं.

बुधवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली गेली. विषय एकच होता: घरची गणितं बंद करून पुस्तकातली सुरू करणे. पुस्तकातले लोक बरे असतात. ते पेन्सिली विकत घेतात, पेरू वाटतात आणि त्यांना भावकी नसते. समितीच्या सदस्यांबरोबर अर्धा गाव आला होता. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. केंद्रप्रमुखही आले. यशोगाथा वर पोचली होती आणि तिचं कौतुक झालं होतं, त्यामुळं आता ती खोटी ठरली तर पंचाईत होती. अमरसिंह एका टोकाला बसले, रणधीर दुसऱ्या टोकाला आणि सासरे मधोमध.

धुळाप्पांनी शेळ्यांचं गाऱ्हाणं मांडलं. आणखी एकानं सांगितलं, की गणितात त्याच्या बहिणीच्या लग्नाला दोनशे पाहुणे आले. आता ते खरंच आमंत्रणाची वाट बघताहेत. सगळ्यांचं झाल्यावर गुरुजी उभे राहिले. भाषण त्यांनी पाठ करून आणलं होतं, ते आठवेना.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “तुमी म्हणाल तर उद्यापासून बंद करतो. फक्त बंद करायच्या आधी ते गणित आरोहीला एकदा विचारू द्या. तिनं त्याचं उत्तरच पाठवलेलं न्हाय.”

अमरसिंह गुरकावून नको म्हणणार होते. पण रणधीरनं विचारू द्या म्हटल्यामुळं त्यांनाही विचारू द्या म्हणावं लागलं. नाहीतर आपल्यालाच उत्तराची भीती आहे असा अर्थ निघाला असता.

आरोहीला बोलावलं. ती सगळ्यांपुढं उभी राहिली. अंगठा फरशीवर फिरू लागला. कुणीतरी खोकलं. केंद्रप्रमुखांनी गुरुजींना खूण केली, की पुरे, बसवा तिला. गुरुजींच्या ओठावर तो शब्द आला होता. त्यांनी तो गिळला आणि भिंतीवरच्या नकाशाकडं बघत उभे राहिले. वेळ जाता जात नव्हता.

“सहा-सहा येतंय,” आरोही हळूच म्हणाली. “पण ते गणित चुकीचं घातलंय.”

“काय चुकलं त्यात?” गुरुजींनी विचारलं.

“हीर तळच्या सहा एकरात हाय. वरच्या सहाला पाणी कुठून आणायचं? आन वाट वरच्यातून येतीय, तर तळच्यानं रानात जायचं कुठून?” आता तिचा आवाज चढला. “हीर आन वाट गणितात धरलीच न्हाय. मग म्या उत्तर कसं पाठवू?”

सासरे चटकन म्हणाले, की तळचं आमच्या लेकीला द्या. रणधीर त्यांच्यावर उखडला. तळचं घेऊन रोज दादांच्या बांधावरून चोरासारखा जाऊ का, म्हणाला. अमरसिंह म्हणाले, चोरासारखा का जाशील, वाट काय मी अडवणार आहे? आणि वरचं मी घेतलं तर पाण्यासाठी तुझ्या दारात उभा राहू? रणधीर म्हणाला, उभं कशाला राहायचं, मोटर तर मीच चालू करतो रोज. बोलता बोलता दोघेही बाकावरून उठून खडूनं फळ्यावर शेत काढू लागले. विहीर कुठं यावर दोघांचं एकमत झालं. बांध कुठून काढायचा हे मात्र दोघांनाही जमेना.

खडू हातातच राहिला आणि रणधीर म्हणाला, “दादा, म्या वाटणी मागितलीच न्हाय. मला वाटलं, तुमालाच पायजे.”

“मला कशाला पायजे?” अमरसिंह म्हणाले. “मला वाटलं तुला पायजे, म्हणून तर मला राग आला.”

परंड्याहून एवढ्या लांब आलेले सासरे हिरमुसले. त्यांना सगळ्यांच्या आधी चहा देण्यात आला.

ठराव मात्र करावाच लागणार होता, कारण बैठक ठराव न करता संपत नाही. बरीच चर्चा झाली. शेवटी असं एकमतानं ठरलं, की उपक्रम चालू ठेवावा. मात्र बेरीज आणि गुणाकार तेवढे गावातल्या माणसांच्या नावानं घालावेत. वजाबाकी आणि भागाकार ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या लोकांच्या नावानं करावेत. धुळाप्पांनी अनुमोदन दिलं आणि बेरजेसाठी आपल्या शेळ्या दहाच्या साठ कराव्यात अशी उपसूचना मांडली. पाव्हण्यांनी आपल्या शेळ्या तुम्हालाच देऊन टाकल्या का, असं कुणीतरी विचारलं, तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. केंद्रप्रमुखांनी सगळ्यांना फळ्यापुढं उभं करून फोटो काढला.

गुरुजी घरी आले. बदलीच्या अर्जाचा नमुना त्यांनी सिद्धाराम मामांना परत नेऊन दिला. मामांनी तो पुढच्या गरजवंतासाठी घडी घालून ठेवला. संध्याकाळी चौथीच्या मुलांना गणितं गेली. ठरावाप्रमाणं आरोहीला ओढ्यापलीकडच्या कुणा शेतकऱ्याच्या आठ एकरांचा भागाकार गेला.

दिवेलागणीला गुरुजींचा फोन वाजला. आरोहीनं आवाज पाठवला होता. त्यांनी मंजुषाबाईंना हाक मारली आणि दोघं ओसरीवर ऐकायला बसले.

“गुरुजी, मला ओढ्यापलीकडचं शेत नको,” ती सांगत होती. “त्यांची हीर कुठं हाय, मला ठाऊक न्हाय. आमचंच घाला. बाबा म्हणले, गणितापुरतं वाटलं तर चालतंय.” मागं अमरसिंह आणि रणधीर तावातावानं बोलत होते. वाट मधून काढली तर सहा-सहा पुरे भरत नाहीत, असं एक जण म्हणत होता. आधी विहिरीचं धरा, असं दुसरा ओरडत होता. त्या दोघांच्या आवाजात तिचं बोलणं बुडून गेलं. मग ती एकदम कडाडली. एवढा मोठा आवाज तिचा ओढ्याकाठी ऐकू यायचा, गणितात कधीच नाही.

“बाबा, काका, दोघंबी गप बसा. म्या गुरुजींसंगं बोलूलालेय.”

आणि करजाळवाडीतले ते दोन मोठ्या आवाजाचे पुरुष खरोखर गप बसले.

गुरुजींनी डोळे पुसले आणि मंजुषाबाईंना म्हणाले, पुन्हा एकदा लाव.